वसंतरावांचंच खरं का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की काही कव्हर गाणी, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने परत म्हटलेलं, मला मूळ गाण्यापेक्षा जास्त आवडतात, आणि त्या एका वाक्यावरून एवढी पत्रं आली की बाकीचे विषय या वेळी बाजूला ठेवलेत. काही जण चिडलेत, काही खूश आहेत, एका आजींनी तर चार पानं लिहिलीत. त्यातली सहा इथे घेतेय.

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या जात्रेला यंदा 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक केलं. खांसाहेबांचं काम करणाऱ्या पोराने 'घेई छंद मकरंद' अगदी सिनेमातल्यासारखं म्हटलं, हरकती, म्हणजे सुरांच्या छोट्या नक्ष्या, त्यासुद्धा तशाच. टाळ्या पडल्या, पण मागे विंगेत भांडण लागलं. आम्ही जुनी माणसं म्हणतो मूळ नाटकातल्या वसंतराव देशपांड्यांसारखं जमत नसेल तर पद म्हणू नये. पोरं म्हणतात आम्ही सिनेमा बघूनच या नाटकाकडे आलो. कोण बरोबर? (एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मला आमचं डिचोलीचं घर आठवलं. बाबांकडे रेकॉर्ड प्लेअर होता, आणि 'गीतरामायण' म्हणजे बाबूजींचाच, सुधीर फडक्यांचाच आवाज, दुसऱ्या कोणी म्हटलं की बाबा रेडिओ बंद करायचे, एवढं कडक. मी पण तशीच वाढले. खूप नंतर कळलं की १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती ५६ गाणी पहिल्यांदा आली तेव्हा ती एकट्या सुधीर फडक्यांनी गायलीच नव्हती, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, अजून कितीतरी जण होते, आणि बाबूजींनी सगळी स्वतःच्या आवाजात म्हटली ती नंतर. म्हणजे बाबा ज्याला ओरिजिनल म्हणून रेडिओ बंद करत होते, त्यातली बरीच गाणी आधी दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातून घरोघरी गेलेली. हे कळल्यावर माझं बाबूजींवरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही, फक्त 'हेच पहिलं' म्हणून भांडायचं बंद केलं.

मास्टर दीनानाथांचं बघा, आपल्या मंगेशीचे. 'शूरा मी वंदिले' म्हटलं की दुसरं नाव तोंडात येत नाही. पण ते पद ज्या नाटकातलं ते 'मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ साली आणि दीनानाथांचा जन्म १९०० च्या डिसेंबरचा, म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या वेळी ते दहा वर्षांचे पोर. आधी दुसऱ्यांनी म्हटलेलं पद त्यांनी नंतर उचललं आणि असं म्हटलं की पहिली नावं पुसली गेली. आजच्या भाषेत ते कव्हरच झालं की.

आणि 'घेई छंद' तर या वादासाठी फारच नाजूक पद निवडलंत तुम्ही. नाटक १९६७ चं, दारव्हेकर मास्तरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, तेही मंगेशीचेच. या एका पदाला नाटकातच दोन चाली आहेत, नाटकातले दोन गायक, पंडितजी आणि खांसाहेब, त्यातल्या पंडितजींच्या घराण्याची सालगवराळी रागातली आणि खांसाहेबांची धानी रागातली. शब्द तेच, संगीतकार तोच, नाटक तेच, आणि गाणं दोन. अभिषेकीबुवांनी मुद्दाम केलंय ते, दोन घराणी एकाच ओळीकडे कशी बघतात हेच तर त्या नाटकाचं म्हणणं आहे. मग यातलं मूळ कुठलं सांगणार तुम्ही?

राहिला सिनेमा. २०१५ च्या सिनेमात खांसाहेबांसाठी गायलेत राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू, आणि त्याच सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. म्हणजे पोरांनी जे ऐकलं ते कुठून तरी बाहेरून आलेलं नाही, त्याच घरातलं आहे. पण, आणि इथे मी तुमच्या बाजूची आहे, त्या पोराने फक्त सिनेमा ऐकला असेल तर त्याचं चुकलं. वसंतराव एका प्रयोगात गायले तसं दुसऱ्यात गायचे नाहीत, जागा बदलायची, तान कुठून कुठे जाईल याचा नेम नसायचा, ज्यांनी ऐकलंय त्या सगळ्यांचं हेच म्हणणं. मग त्या माणसाच्या पदाची हरकत न् हरकत पाठ करून तशीच्या तशी म्हणायची, मग ती सिनेमातली असो की जुन्या रेकॉर्डमधली, त्यात वसंतराव कुठे आले? त्याला दोन्ही ऐकवा. तुमच्याकडे जुनी कॅसेट असेल तर घरी बोलवा, चहा पाजा आणि ऐकवा, विंगेत ओरडू नका. पुढच्या जात्रेला तो तिसरंच काहीतरी म्हणेल, आणि ते कदाचित तुम्हाला आवडेल.

प्रश्न : ताई, माझे पप्पा लॉर्नाची जुनी कोंकणी गाणी लावतात, खरखर येते नुसती. मी २०१४ च्या 'नाचुया कुंपासार' सिनेमातली ऐकते, तीच गाणी पण आवाज किती स्वच्छ. पप्पा म्हणतात ती गाणी नव्हेत, फोटोचा फोटो आहे. मला खरंच नवीन आवडतात, यात काय चूक? (कॉलेजमधली एक वाचक, मडगाव)

उत्तर : काहीच चूक नाही गं. तो सिनेमा आला नसता तर तुझ्या वयाच्या कितीजणांना लॉर्नाच्या गाण्यांचे संगीतकार क्रिस पेरी हे नाव कळलं असतं सांग, आणि ते तर तुमच्या मडगावचेच. साठ-सत्तरच्या दशकातली त्यांची गाणी परत नव्याने वाजवून रेकॉर्ड करायची म्हणजे सोपं काम नाही, ट्रम्पेट सॅक्सोफोन वाजवणारी माणसं लागतात, त्या काळचा स्विंग अंगात लागतो.

पण एक प्रयोग करून बघ माझ्यासाठी. तेच गाणं आधी नवीन लाव मग जुनं, पण जुन्याचा आवाज थोडा वाढवून दोन्ही सारख्याच मोठ्याने ऐक. हल्लीची रेकॉर्डिंग मुळातच मोठ्या आवाजात बनवतात, बारीक आवाज वर ओढून मोठ्याच्या जवळ आणतात, आणि आपल्या कानाचं असं आहे की जे मोठं वाजतं ते त्याला चांगलं वाटतं. तेवढा फरक काढून टाकला की मग खरं ऐकू येईल. जुन्यात लॉर्ना श्वास कुठे घेते ते ऐक, एखाद्या शब्दावर आवाज कसा फाटू देते ते ऐक. त्या काळी गाणारी आणि वाजवणारे एकाच खोलीत एकदमच वाजवायचे, एकाचं चुकलं की सगळ्यांनी परत पहिल्यापासून, आता प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घेता येतो आणि चुकलेला तुकडा तेवढा बदलता येतो. त्यामुळे जुन्यात एक धाकधूक असते, सगळे एकमेकांकडे बघत वाजवतायत असं वाटतं. मला ती धाकधूक फार प्रिय आहे, खरखरीसकट.

आणि पप्पांना विचार त्यांनी ते गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं. माझा अंदाज आहे की त्यांना रेकॉर्डपेक्षा ती जागा परत हवी असते, लग्नातला बँड असेल, फेस्ताची रात्र असेल. ते नवीन रेकॉर्डिंग कुठून देणार त्यांना.

प्रश्न : मी कळंगुटला शॅकवर एका बँडमध्ये गिटार वाजवतो, सीझनभर रोज संध्याकाळी. इंग्लिश, हिंदी, कोंकणी, सगळं. मित्र म्हणतात तुझं काय, कव्हर बँड. ओरिजिनल करणाऱ्यांना आर्टिस्ट म्हणतात, आम्हाला कोणीच काही म्हणत नाही. (एक वाचक, बार्देश)

उत्तर : अरे बाबा, हे वाचून मला वाईट वाटलं, कारण गोव्याने संगीतात जे केलंय त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या गाण्यात जीव ओतण्याचंच काम आहे.

पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. ती पोरं मुंबईला गेली, हॉटेलांत आणि क्लबात वाजवायला लागली, रात्रभर काय वाजवत होती तर परदेशी जॅझची गाणी, म्हणजे तू करतोस तेच. त्यातूनच पुढे ती हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत पोचली. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर होते, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते बसवणारे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांडही त्यातलेच. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे, सी. रामचंद्रांबरोबर काम केलं त्यांनी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. ते गाणं सगळा देश नाचत म्हणतो, आणि हा अँथनी म्हणजे खरोखरचा माजोर्ड्याचा व्हायोलिन मास्तर हे गोव्यातसुद्धा विचारून बघ कितीजणांना माहीत आहे.

म्हणून माझी तुझ्याकडे एक मागणी आहे. जुनं हिंदी गाणं वाजवताना मुखडा-अंतरा तेवढा घेऊन मधले पीस सोडून देतात बरेच बँड, नाहीतर कीबोर्डवर काहीतरी भरतात. तसं करू नको. दोन कडव्यांच्या मधले ते व्हायोलिनचे आणि ब्रासचे पीस म्हणजेच आपल्या माणसांची सही आहे त्या रेकॉर्डवर, लेबलवर नाव नाही छापलं कोणी पण वाजतंय तिथे. गिटारवर बसव तो पीस, वेळ लागेल, पण बसव. आणि गाणं संपल्यावर माईकवर नाव सांग, याची अरेंजमेंट अमक्याने केली होती. पक्कं माहीत असेल तरच सांग.

आर्टिस्ट कोणाला म्हणायचं हे विचारलंस म्हणून एकच उदाहरण. 'रिस्पेक्ट' हे गाणं ओटिस रेडिंगने लिहिलं आणि १९६५ मध्ये गायलं, घरी येणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने तेच घेतलं, बाईच्या बाजूने म्हटलं, तो शब्द एकेक अक्षर सुटं करून म्हणण्याची जागा तिने घातली, आणि आज ते तिचंच गाणं आहे. तिने नवीन गाणं लिहिलं नव्हतं. तिला त्या गाण्यात काहीतरी सांगायचं होतं. तू रोज वीस गाणी वाजवतोस ना, त्यातल्या एका गाण्यात तुला काय सांगायचंय ते शोध आधी.

प्रश्न : मी 'कट्यार'मधलं एक पद आणि 'मानापमान'मधलं एक पद घरी म्हणून व्हिडिओ टाकला. पहिल्यावर कॉपीराइटचा क्लेम आला, दुसऱ्यावर नाही. आवाज माझा, पेटी माझ्या भावाची, मग चोरी कसली? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : चोरी कोणी म्हणत नाहीये, घाबरू नका. पण हे नीट समजून घ्या, बरेचजण इथेच गोंधळतात. गाण्यात हक्क वेगवेगळे असतात, शब्दांचा एक, चालीचा एक, आणि रेकॉर्डिंगचा तिसरा. तुम्ही स्वतः गायलात म्हणजे कोणाचं रेकॉर्डिंग नाही वापरलंत, पण शब्द आणि चाल तर वापरलीत. त्यांचा हक्क आपल्या कायद्यात लिहिणारा किंवा चाल लावणारा गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. अभिषेकीबुवा गेले १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या चालींवर २०५८ संपेपर्यंत हक्क आहे. 'मानापमान'चे खाडिलकर गेले १९४८ मध्ये आणि चाली लावणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणजे ती पदं आता सगळ्यांची. म्हणून तुमच्या दोन व्हिडिओंना दोन न्याय.

क्लेम म्हणजे बहुतेक वेळा एवढंच की जाहिरातीचे पैसे हक्कवाल्याकडे जातात, व्हिडिओ राहतो. स्ट्राइक म्हणजे ताकीद, ती वेगळी, ती आली तर मात्र दुर्लक्ष करू नका. आणि उद्या कव्हरचं रीतसर रेकॉर्ड काढायचं मनात असेल तर कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलंय ते वाचा. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, मालकाला आधी कळवावं लागतं, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि तीही दर वर्षी निदान ५०,००० प्रतींची, चालीत शब्दांत नको तो बदल करता येत नाही, आणि वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो असा लावता येत नाही की घेणारा फसेल. हा शेवटचा नियम मला फार योग्य वाटतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात स्वस्त कॅसेटींवर कोण गातंय तेच कळायचं नाही, मी स्वतः म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेली एक कॅसेट घरी येऊन लावली तर आवाज भलत्याचाच, आणि आतल्या कागदावर त्या बिचाऱ्या गायिकेचं नाव सापडेना कुठेच. फसवणूक माझी झाली तशी तिचीही झाली.

प्रश्न : गायिका केसरबाई केरकरांची एकच रेकॉर्ड दोन ठिकाणी ऐकली, एकीकडे सूर वर लागतो एकीकडे खाली. ओरिजिनल कुठली? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : छान कान आहे तुमचा. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या म्हणतो आपण, पण सगळ्या अचूक त्याच वेगाने कापलेल्या नसायच्या, आणि नंतर उतरवून घेणाऱ्याने वेग जरा चुकवला की सूर सरकतो, गाणं जलद नाहीतर संथ होतं. म्हणून नुसत्या इंटरनेटवरच्या कॉपीवरून 'त्या अमुक पट्टीत गायच्या' असं ठामपणे म्हणू नका. दुसरं म्हणजे तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. केरीच्या केसरबाई बैठकीत एक राग तासभर मांडणाऱ्या, आणि त्यांची भैरवी 'जात कहां हो' १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली ती साडेतीन मिनिटांचीच. ती ओरिजिनल आहेच, पण केसरबाई तेवढ्याच नव्हेत. नव्वदच्या आसपास जुन्या हिंदी गाण्यांमागे नवीन वाद्यं घालून 'रिव्हायवल' म्हणून निघालेल्या कॅसेटी वेगळ्या धरा, त्यातला आवाज जुना असला तरी ते मूळ रेकॉर्डिंग नव्हे, आणि मला त्या अजिबात आवडत नाहीत.

प्रश्न : बाय, मी पंच्याहत्तरीला आले. आमच्या भजनात 'मोगरा फुलला' आम्ही आमच्या चालीत म्हणतो, माझ्या सासूबाईंकडून आली ती. आता सुना-नाती लताबाईंच्याच चालीत म्हणतात, मोबाईलवर लावून बसवतात. मी आमची म्हटली तर नात म्हणाली, आजी तुझं चुकतंय, ओरिजिनल असं नाहीये. मी गप्प बसले. (एक आजी, पेडणे तालुका)

उत्तर : आजी, तुमची चार पानं मी दोनदा वाचली. गप्प नका बसू.

लताबाई गायल्या ती चाल हृदयनाथांची, विसाव्या शतकातली, आणि ती इतकी सुंदर आहे की नातीला तीच खरी वाटली यात तिचा दोष नाही. पण अभंग ज्ञानोबांचा, तेराव्या शतकातला. मधली सातशे वर्षं लोक तो म्हणतच होते, देवळात, सप्ताहात, वारीच्या वाटेवर, ज्याच्या त्याच्या चालीत. त्यातली एखादी वाट फिरत फिरत तुमच्या सासूबाईंपर्यंत आली असेल. अभंगाच्या बाबतीत रेकॉर्ड म्हणजे मूळ असं धरलं तर मग रेकॉर्ड निघायच्या आधी तो कोणी म्हटलाच नाही असं होईल.

असाच घोटाळा 'बॉबी'चा झाला, १९७३ च्या त्या सिनेमात मन्ना डेंचं 'ना मांगूं सोना चांदी' आलं आणि बाहेरच्या लोकांना वाटलं त्यातलं 'घे घे सायबा' सिनेमावाल्यांनीच काढलं. आपल्याकडे मात्र ते ज्यातलं, ते 'हांव सायबा पल्तडी वेतां' हे दुलपद, म्हणजे कोंकणी नाचाचं गाणं, त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते, दामूच्या लग्नाला नदीपलीकडे जायचंय म्हणून तारवटीला, म्हणजे नावाड्याला, अंगावरचे दागिने देऊ करणाऱ्या कलावंतिणीचं. ते टिकलं कारण गावागावात म्हणणारे होते, आणि कोणीतरी ते वेळेवर लिहून, रेकॉर्ड करून ठेवलं. तुमच्या सासूबाईंच्या चालीचं तसं काहीच झालेलं नाही, ती सध्या फक्त तुमच्या गळ्यात आहे. पेटीवर सुद्धा नाही म्हणता तुम्ही.

तेव्हा ज्या नातीने चुकतंय म्हटलं ना, तिलाच जवळ बसवा. तिच्याच मोबाईलवर रेकॉर्ड करा. आधी बोला, तुमच्या सासूबाईंचं नाव, माहेर कुठलं, त्यांनी कोणाकडून उचलली ते आठवत असेल तर तेही, मग अभंग पूर्ण म्हणा, घाई न करता, टाळ असतील तर टाळांसकट. एकदा तुम्ही एकट्या आणि एकदा नात मागे म्हणेल तशी. लताबाईंची चाल तिला म्हणू दे खुशाल, आरडाओरडा नको त्यावरून, भजनाला एक आठवडा ती आणि एक आठवडा ही असं करा. पंखा मात्र बंद करायला सांगा रेकॉर्ड करताना, त्याचा आवाज फार येतो. आणि झालं की मला पाठवा, मी पेटीवर सूर बसवून स्वरलिपी काढून पाठवते तुम्हाला.